एकोडीचा राउट सापडत नाही

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

मुहूर्त चांगला म्हणून आज दोन गोष्टींना सुरुवात केली. एक ही वही, आणि दुसरी लक्ष्मणरावांची वेबसाइट. आईने लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं. त्यातलं थोडं कुंकू 'एंटर'च्या बटणाखाली गेलं, त्यामुळे आता ते बटण दोनदा दाबावं लागतं.

लक्ष्मणराव म्हणजे आमच्या लाखनीच्या नाटक मंडळीचे मालक. दिवाळी झाली की आपल्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा दुकानं, पाळणे, पाहुणे आणि जेवणाच्या पंगती, रात्री नाटक. कोणत्या गावची मंडई कधी, हे लोक आजही एकमेकांना फोन करून विचारतात आणि भलत्याच गावी जाऊन बसतात. मी लक्ष्मणरावांना म्हटलं, साइट करून देतो. मोबाइलवर गाव टाका, तारीख पाहा, खुर्ची बुक करा. ते म्हणाले, "एकोडीची मंडई सत्तावीसले आहे. तिथं चालली तं पुरा सीझन तुले देतो. नाही चालली तं आपला गाडीवरचा भोंगा बरा."

पुण्याच्या कंपनीने जूनमध्ये घरी बसवलं तेव्हापासून मी इथेच आहे. हैदराबादची एक नोकरी समोर आहे आणि अठ्ठावीस तारखेपर्यंत त्यांना उत्तर द्यायचं आहे. बाबांनी सकाळीच निकाल दिला. "सत्तावीसले जमलं तं घरी राय. नाही जमलं तं अठ्ठावीसले हैदराबादले हाव म्हण. असं मधातल्या मधात लटकून राहू नये माणसानं."

मला जायचं नाही. बाबा सकाळी धानाच्या बांधीतून येऊन आंगणात पाय धुतात तेव्हा बादलीची कडी वाजते. सहा वर्षं पुण्यात मला तो आवाज आठवायचा. हे कोणाला सांगितलं तर हसतील, म्हणून इथेच लिहून ठेवतो.

४ ऑक्टोबर, शनिवार

वहीत तांत्रिक बाजूही लिहायची असं ठरवलं आहे. पुढे-मागे कोणी माझं चरित्र लिहिलं तर त्याला सोपं जाईल.

साइटवर कोणी 'मंडई' असा पत्ता टाकला तर यादी दाखवायची, 'मंडई/तिकीट' टाकला तर खुर्च्या दाखवायच्या. कोणत्या पत्त्यावर आलेल्याला काय द्यायचं हे सर्व्हरला आधीच सांगून ठेवावं लागतं. त्या प्रत्येक वाटेला म्हणतात राउट, आणि सांगून ठेवण्याला म्हणतात राउट रजिस्टर करणं. हे सगळं ज्याच्या आधाराने करतो त्याचं नाव एक्सप्रेस. काही लोक 'रूट' म्हणतात. पुण्यात आमच्या टीममध्ये रूट म्हणणाऱ्याला नवशिका समजत. अमेरिकेतले लोक राउट म्हणतात, म्हणून मीही राउटच म्हणतो आणि लिहितोही. सवय मोडायला नको.

अडलं की पुण्याच्या सचिनला फोन करतो. तो ऑफिसला निघायच्या आधी, सकाळी आठला. नेटवर्क फक्त छपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत येतं, बाबांच्या खाटेशेजारी. बाबांना यातलं काही कळत नाही, त्यामुळे मोकळेपणाने बोलता येतं.

७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी सचिनला म्हटलं, "अरे, काल रजिस्टर केला, तरी एकोडीचा राउट सापडत नाही." बाबा दात घासत होते, ते थांबले. फोन ठेवल्यावर म्हणाले, "एकोडीले तं आठ घरं आहेत. सापडत नाही म्हणजे काय?"

एकोडीत आठ घरं. एवढं मोठं गाव. बाबांचं वय होत चाललं आहे, हे माझ्या बारीक नजरेतून सुटलं नाही. मी वाद घातला नाही.

चहाच्या वेळी आईने विचारलं, "किती झाले?" अठरा गावांचे अठरा राउट करायचे आहेत. मी म्हटलं, "अठरा पायजेत. अजून अठरा नाही झाले."

आईच्या हातातली गाळणी तिथेच राहिली. "अठरा नाही झाले? आणि रजिस्टर करून राहिला?"

"करूनच टाकतो नं. दिवाळीपर्यंत होऊन जातील अठरा."

बाबांना ठसका लागला. पाणी प्यायल्यावर हात जोडून म्हणाले, "मंग दिवाळीनंतरच कर बाप्पा. मांगं पोलीस लागते."

वेबसाइटला पोलीस कशाला लागतील? बाबांनी टीव्हीवरच्या बातम्या कमी केल्या पाहिजेत.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज बाबांनी स्वतःहून कामाची चौकशी केली. मला बरं वाटलं. म्हणाले, "त्या राउटपर्यंत तू थेट जातं काय?" मी त्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं की थेट कोणालाच जाऊ द्यायचं नसतं. मध्ये एक मधला बसवावा लागतो. येणाऱ्याला तो आधी विचारतो, तू कोण, कुठला, ओळख काय. सगळं नीट असलं तरच पुढे सोडतो.

बाबा खूश झाले. "हे शाण्यासारखं बोलला. मधला पायजेच. कोण आहे मधला?"

"अजून कोणी नाही. मीच करीन म्हणतो."

"तू कायले? मी पायतो नं." असं म्हणून ते चप्पल घालून निघालेही. मधला म्हणजे कोडच्या चारपाच ओळी असतात, बाबा त्या कुठून आणणार, कोण जाणे. पण उत्साह मोडवेना.

११ ऑक्टोबर, शनिवार

गोमाजी मामा आले. हे आईचे थोरले भाऊ. निम्म्या तालुक्याची लग्नं त्यांनीच जुळवलेली आहेत, पण सध्या त्यांना वेबसाइटमध्ये रस आहे असं दिसलं. माझ्याजवळ बसून हळूच म्हणाले, "एक्सप्रेसमधी जमलं म्हणते?"

"हाव मामा. एक्सप्रेसमधी राउट लवकर जमते. दुसरीकडं लय कटकट आहे."

"कितीक वेळ लागला?"

"तीन ओळीत होऊन जाते."

मामांनी बाबांकडे पाहिलं. "तीन ओळीत. आमच्या वेळी तं पानभर लिहून बी पोट्टी उत्तर देत नव्हती."

त्यांनी एकोडी, एक्सप्रेस हे शब्द डायरीत टिपले, बोटांवर काहीतरी मोजलं आणि एकदम मांडीवर हात मारला. "समजलं. डेपोतली." मला वाटतं त्यांना डेटाबेस म्हणायचं असेल. शिकण्याला वय नसतं हेच खरं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मणरावांची पोस्टरं छापायला टाकायला भंडाऱ्याला गेलो. बाबांनी बजावलं होतं, नऊ चाळीसच्याच साकोली-नागपूर गाडीने जायचं आणि कंडक्टरजवळच्या सीटवर बसायचं. आईने नवा आकाशी शर्ट काढून दिला. पोस्टरवाल्याला शर्टाचं काय, पण घातला.

कंडक्टर बाई होती. बिल्ल्याचा नंबर माझ्या लक्षात आहे, ९०४१. नाव वाचायचं राहिलं. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "लाखनीचे भूपेंद्र तुमीच काय?"

म्हणजे आता एसटीत प्रवाशांची नावंही कळतात. डिजिटल युग कुठवर आलं आहे. मी हो म्हटलं.

"भंडारा?"

"हो."

"परतीचं पण देऊ?"

"नको."

"रजिस्टर ऑफिसात चालले?"

"नाही. छपाईला टाकायचं आहे."

तिचा हात तिकिटाच्या मशीनवर तसाच थांबला. "छपाईपर्यंत गेली गोष्ट?"

"सत्तावीसलाच आहे ना. दोनशे सांगितले आहेत. वर गणपती, खाली एकोडीचा पत्ता."

"आणि ज्यायले विचारा लागते त्यायले विचारलं?"

"लक्ष्मणरावांना विचारलं. ते म्हणाले, चांगलं चाललं तर पुरा सीझन ठेवू, नाहीतर सोडून देऊ."

त्यानंतर भंडारा येईपर्यंत ती घंटीची दोरी फार जोरात ओढत होती. माणसाला दिवसभर उभं राहावं लागतं, चिडचिड होणारच. उतरताना मी तिला म्हटलं, "नाटकाला या." ती म्हणाली, "हे कमी आहे काय?"

परतीला मात्र फसलो. स्टँडवर 'हात दाखवा, थांबवा'वाली गाडी पुढे लागली होती. साकोली दिसलं की चढलो, सगळेच चढले. ती प्रत्येक झाडाखाली थांबत आली. मागून विनाथांबा गाडी आम्हाला ओलांडून गेली, तिच्यात चार माणसं होती. शर्टाची इस्त्री मोडली.

१८ ऑक्टोबर, शनिवार

बाबा सकाळी एकोडीहून आले ते हसत. चपला काढायच्या आधीच म्हणाले, "सव्वीस आहे."

मी म्हटलं, "सत्तावीस आहे बाबा."

"नाही, सव्वीसच. शाळेच्या दाखल्यावर पायलं मी."

मंडईची तारीख शाळेच्या दाखल्यावर असते हे मला माहीत नव्हतं. खात्रीसाठी लक्ष्मणरावांना फोन केला. सत्तावीसच आहे. बाबांना सांगितलं नाही, इतक्या दिवसांनी हसले होते.

काम म्हणाल तर चौदाशे ओळींची एकच फाइल झाली होती. त्यात काही शोधायचं म्हणजे तणसाच्या ढिगात चष्मा शोधणं. सचिन म्हणाला, फोड. ते मला पटलं. फोनवरच मोठ्याने म्हणालो, "बरोबर आहे तुझं, सगळ्यांना एकाच घरात कोंबलं म्हणून भांडणं होतात. राउटला वेगळं घर देऊन टाकतो. मुख्य घरातून एकदा हाक मारली की आला पाहिजे, बस."

वळून पाहिलं तर आई दारात पदराने डोळे पुसत होती. कांदा चिरत असावी. म्हणाली, "मांगची खोली खालीच आहे नं बाबू. वेगळं घर कायले?"

तिला फोल्डर म्हणजे काय हे समजावण्यात अर्धा तास गेला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एकाच आंगणात असले म्हणजे झालं." मी म्हटलं, हो, एकाच आंगणात. तेव्हा तिने मला दोन लाडू जास्त दिले.

१९ ऑक्टोबर, रविवार

बाबांनी मागच्या खोलीतली धानाची पोती हलवली आणि स्वतः चुना लावायला घेतला. खिडकीला निळा रंगही आणला आहे. मला ऑफिस करून देत आहेत. बोलून दाखवायचा त्यांचा स्वभाव नाही, पण सत्तावीसच्या आधीच खोली रंगवतात म्हणजे मी इथेच राहणार असं त्यांनी धरलं आहे. मी त्यांच्या हातातला ब्रश घेतला आणि उरलेली भिंत मी मारली. दोघांचेही डोळे चुन्याने लाल झाले, निदान मी तरी चुन्यावरच ढकलतो.

आता साइट चाललीच पाहिजे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, लक्ष्मीपूजन

सकाळी छपरीतून ओरडून सांगितलं, "अठरा पूर्ण झाले." बाबा म्हणाले, "ते तं कवाचेच झाले," आणि सगळ्या घरात अनारसे वाटले. टेक्निकल कामाची अशी कदर करणारे आईबाप विरळ.

२५ ऑक्टोबर, शनिवार

पोस्टरं लागली. त्यावर चौकोनी कोड आहे. तो मोबाइलने टिपला की माणूस थेट 'मंडई/तिकीट' या पत्त्यावर पोचतो. बुकिंग सोमवारी सकाळी दहाला उघडणार, एकोडीच्या चारशे खुर्च्या.

आज शेवटचा हात फिरवला. आतापर्यंत प्रत्येक गावाचा वेगळा राउट होता. आता सगळ्या गावांसाठी एकच केला, जुने अठरा खाली तसेच ठेवले. 'मंडई'च्या पुढे जे काही नाव येईल, ते गाव समजून तो त्याची तारीख काढून देतो. सगळ्या कामाचा हा कर्ता पुरुष. म्हणून त्याला यादीत सगळ्यात वर बसवला, पत्रिकेत कुलदैवताला बसवतात तसा. तिकिटाचा राउट त्याच्या खाली. मान ज्याचा त्याला दिला की मन शांत राहतं.

एकोडी टाकून पाहिलं, तारीख बरोबर आली. तिकिटाचं परवाच तपासलं होतं, पुन्हा पाहण्याची गरज वाटली नाही.

सोमवारी दुपारी एकोडीत कोणाकडे तरी जेवणाचं बोलावणं आहे म्हणे. आई म्हणाली, आकाशी शर्टच घाल. ताई पण येणार, तिने फोनवर विचारलं, "घाबरला काय रे?" मी म्हटलं, "सगळं तपासलं आहे." ती खूप वेळ हसली.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

कालचं सगळं आज सकाळी लिहितो. काल हात रिकामे नव्हते.

दहा वाजून दोन मिनिटांनी लक्ष्मणरावांचा फोन. "काहून बे, हे तिकीट गाव कोणत्या तालुक्यात आहे?"

"कोणतं गाव?"

"तिकीट. कोड दाबला की तुही साइट सांगते, 'तिकीट या गावाची मंडई सापडली नाही.' मले वीस फोन आले. पोहऱ्याच्या एका बुढ्याले वाटलं नवीन गाव आहे, तो स्टँडवर तिकीटचं तिकीट मागून राहिला."

मी फाइल उघडली. तिकिटाचा राउट जागच्या जागी, रजिस्टर केलेला, काना-मात्रा बरोबर. वेगळ्या घरात नांदतो आहे, हाकेला येतो आहे. तरी सर्व्हर त्याच्यापर्यंत जातच नाही. सचिन विमानात होता. लक्ष्मणराव म्हणाले, "तीनपर्यंत वाट पायतो. मंग भोंगा, आणि तू हैदराबाद." बाबांनी त्यांना सांगितलेलं दिसतं.

त्यात आई शर्ट घेऊन मागे. मामांची गाडी दारात. मी म्हटलं, मी येत नाही. बाबा म्हणाले, "पावण्यायच्या घरी पोहे झाले आहेत. डबा घेऊन चाल तुहा." डबा म्हणजे लॅपटॉप. तो मांडीवर उघडा ठेवून एकोडीपर्यंत गेलो.

घर मोठं होतं, आंगणात सतरंजी अंथरलेली. दहाबारा माणसं ओळीने बसली होती. मी कोपऱ्यात पाट ओढून लॅपटॉप त्यावर ठेवला. कोणीतरी पोह्यांची बशी समोर धरली, मी मान वर न करता म्हटलं, "एक मिनिट." बशी तशीच राहिली. मामा म्हणाले, "हे शुभांगी. डेपोत कंडक्टर." मी म्हटलं, "हो, हो."

आंगणातल्या सगळ्यांनी बशा खाली ठेवल्या. मग घरमालकाने, पांढऱ्या मिशीच्या गृहस्थाने, खाकरून विचारलं, "जवाई, काय शोधून राहिले?"

जवाई म्हणण्याची त्यांची पद्धत असेल, मी लक्ष दिलं नाही. म्हटलं, "राउट सापडत नाही."

"समोर बशी धरून उभी आहे नं बाप्पा."

तेव्हा मी वर पाहिलं. नऊ चाळीसची कंडक्टर. साडीत होती. मशीन नव्हतं म्हणून ओळखायला वेळ लागला. ती माझ्याकडे नाही, स्क्रीनकडे पाहत होती.

"तिकीट नावाचं गाव?" ती म्हणाली.

"तसं गाव नाही. खुर्च्या बुक करायचा पत्ता आहे. पण साइट त्याला गाव समजते."

"तुमच्या यादीत वर कोण आहे?"

"हा. 'मंडई'पुढे काहीही येऊ दे, गाव म्हणून घेतो. सगळ्यात मोठा आहे, म्हणून वर."

तिने बशी माझ्या हातात दिली आणि खाली बसली. "हात दाखवा गाडी आहे हे. जो दिसला त्याले घेते. तिले फलाटावर पुढं लावली तं मांगच्या विनाथांब्यात कोण बसन? आमी पहिले विनाथांबा सोडतो. मंग हात दाखवा. उरलेसुरले सगळे तिच्यात. मोठी आहे म्हणून पुढं नाही लावत कोणी."

मला भंडाऱ्याचा स्टँड आठवला, प्रत्येक झाडाखाली थांबलेली ती गाडी आठवली. मी गावाचा राउट कापला आणि तिकिटाच्या खाली, सगळ्यात शेवटी चिकटवला. एंटर दाबलं. काही झालं नाही. तीही माझ्याकडे बघायला लागली. मग कुंकू आठवलं आणि दुसऱ्यांदा दाबलं. सर्व्हर पुन्हा सुरू झाला, आणि चारशे खुर्च्या हिरव्या रंगात समोर उभ्या राहिल्या. अडीच वाजले होते. बघता बघता पहिली ओळ लाल झाली, मग दुसरी.

आनंदाने मी उठून उभा राहिलो आणि बाबांना ओरडून सांगितलं, "राउट रजिस्टरच होता बाबा. फक्त मागं-पुढं झालं होतं."

बाबाही उभे राहिले. त्यांचा चेहरा पडला होता. "रजिस्टर झालं? कवा? आमाले न सांगता?"

पांढऱ्या मिशीचे गृहस्थ उठले. आतून बायका बाहेर आल्या. मी म्हटलं, "दसऱ्यापासून करूनच तर राहिलो. अठरा केले." ताईने कपाळाला हात लावला.

शुभांगीने आधी मला पाहिलं, मग स्क्रीनवरच्या यादीकडे बोट केलं. "हे काय म्हणता तुमी? हे अठरा?"

"राउट."

"हे तं रूट आहेत. गाडीचे असतात तसे. तुमी रूटले राऊत म्हणता?"

"अमेरिकेत तसंच म्हणतात."

"आणि आमी कोण?" पांढऱ्या मिशीने विचारलं.

मी मामांकडे पाहिलं. मामांनी पोह्यांत डोकं घातलं. दाराच्या चौकटीवर पितळी अक्षरांत लिहिलं होतं, 'राऊत सदन'. आठ घरं म्हणजे कोणती ते तेव्हा कळलं. शाळेचा दाखला कळला. मागची खोली कळली. एकेक गोष्ट अशी खाली येत होती आणि सतरंजीवर बसलेली दहाबारा माणसं माझ्याकडे पाहत होती. मी आयुष्यात इतका लाजलो नव्हतो. जास्त वाईट बाबांचं वाटलं. भरल्या आंगणात त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

मी म्हटलं, "चूक माझी आहे. बाबांनी जे ऐकलं तेच केलं. बोललो मीच वाकडं."

मग शुभांगीला हसू आलं. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून, शेवटी भिंतीला टेकून. "दोनशे छापले म्हणे, वर गणपती," ती एवढंच म्हणू शकली. "मी इकडं बाबाले सांगितलं, पोट्टा पत्रिका छापून मोकळा झाला, लक्ष्मणराव म्हणते आवडली तं सीझनभर ठेवू. बाबा म्हणे, येऊ तं दे, पाहून घेऊ." मग तिचे बाबा हसले, आणि त्यांच्या मिशीमागे सगळं आंगण. बाबा सगळ्यात शेवटी हसले. टोपी परत डोक्यावर गेली तेव्हा मी खाली बसलो.

जेवण करूनच सोडलं आम्हाला. पाटवडीचा रस्सा होता. पंगतीत लक्ष्मणरावांचा फोन आला. चारशेच्या चारशे गेल्या. "सीझन तुहा," ते म्हणाले. "आणि तिकीट गावाले बी एक शो लावू काय? लय मागणी आहे."

लग्नाचं कोणी काढलं नाही. निघताना मामा म्हणाले, "गैरसमज झाला, संपला." शुभांगी हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. तिला पाच वाजता ड्यूटी होती.

आज सकाळी हैदराबादला नकार पाठवला. बाबा पाय धुऊन आले, बादली ठेवली आणि म्हणाले, "चुना तं लावून झाला. ऑफिस म्हण, नाही तं काही म्हण. खोली खाली नको ठेवू." मी म्हटलं, आजपासून रूटच म्हणीन. बाबा म्हणाले, "काहून? राऊत वाईट आहे काय?"

३० ऑक्टोबर, गुरुवार

भंडाऱ्यात काही काम नव्हतं. आकाशी शर्ट घालून नऊ चाळीसच्या गाडीत बसलो, कंडक्टरजवळच्या सीटवर.

ती आली. मशीन हातात, चेहऱ्यावर काही नाही. "पहिले रूट म्हणून दाखवा."

"रूट."

"आता राऊत म्हणा."

म्हटलं. आवाज जरा खाली गेला. पुढच्या सीटवरच्या आजीने मागे वळून पाहिलं.

"फरक ऐकू येते," ती म्हणाली. "भंडारा?"

"हो."

"परतीचं पण देऊ?"

या वेळी बिल्ल्यावरचं नाव नीट वाचलं, आणि म्हटलं, "द्या."